मोबाइल चालतो, मग माउस का अडतो? संगणकाशी पहिली ओळख करून घेणाऱ्यांसाठी

२०२३ साली तलाठी भरतीची परीक्षा झाली ती संगणकावर. त्याच वर्षी जिल्हा परिषदांची मोठी भरती निघाली, तिचीही परीक्षा संगणकावरच झाली. पहिली टीसीएसने घेतली, दुसरी आयबीपीएसने. बँका, रेल्वे, कर्मचारी निवड आयोग यांच्या परीक्षा तर त्याआधीपासूनच संगणकावर होत आहेत. म्हणजे आज सरकारी नोकरीसाठी अभ्यास करणाऱ्या आपल्या बहुतेक तरुणांना कधी ना कधी संगणकासमोर बसावे लागणार आहे.

आम्ही विजयदुर्ग, गिर्ये, पडेल या भागातील वाड्यांमध्ये तरुणांसोबत काम करतो. इथे अभ्यास करणारी मुले-मुली कमी नाहीत. पण हा सगळा अभ्यास मोबाइलवर होतो. व्हिडिओ मोबाइलवर, नोट्स मोबाइलवर, सराव परीक्षाही मोबाइलवर. मग परीक्षेच्या दिवशी दूरच्या शहरातील केंद्रावर माउस हातात येतो आणि गोंधळ उडतो. बाण हवा तिथे जात नाही, क्लिक केले तर भलताच पर्याय निवडला जातो, मोठा उतारा खाली सरकवायचा कसा ते कळत नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यात वेळ मात्र संपत असते. उत्तर डोक्यात असूनही गुण हातातून जातात.

मित्रांनो, हा बुद्धीचा प्रश्न नाही, हाताच्या सवयीचा आहे. जाळे विणणे, होडी वल्हवणे, सायकल चालवणे हे जसे वाचून येत नाही, करून येते, तसेच माउस आणि कीबोर्डचे आहे. रोज एक तास दिला तर साधारण तीन आठवड्यांत हात बसतो. तो कसा बसवायचा, हे या लेखात टप्प्याटप्प्याने सांगत आहोत. स्वतः शिकणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल आणि वाडीत इतरांना शिकवणाऱ्या कार्यकर्त्यांनाही.

मोबाइलची सवय इथे का चालत नाही?

मोबाइलवर डोळा आणि बोट एकाच जागी असतात. जे दिसते त्यावर थेट बोट ठेवायचे. संगणकावर हात टेबलावर असतो, डोळे स्क्रीनवर असतात आणि काम करतो तो बाण. हात पुढे गेला की बाण वर जातो, हात मागे आला की बाण खाली येतो. डोळा आणि हात यांची ही नवी जोडी मेंदूला जुळवावी लागते. म्हणूनच नवीन माणूस सारखा माउसकडे बघतो आणि तेवढ्यात स्क्रीनवरचा बाण हरवतो. पहिला नियम एवढाच : माउस हातात घेतला की नजर स्क्रीनवर ठेवायची.

टायपिंगचेही तसेच. मोबाइलवर आपण दोन अंगठ्यांनी लिहितो आणि अर्धा शब्द लिहिला की पुढचा मोबाइलच सुचवतो. कीबोर्डवर दहाही बोटे लागतात आणि शब्द पूर्ण लिहावा लागतो.

माउस : पहिला आठवडा

अमेरिकेतील डग्लस एंगेलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी १९६० च्या दशकात पहिला माउस तयार केला. तो लाकडी होता आणि त्याच्या पोटात दोन चाके होती. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एंगेलबार्ट यांनी तो जाहीरपणे चालवून दाखवला. समोर संगणकातील जाणकार बसले होते, पण त्यांतल्या बहुतेकांसाठीही ती वस्तू नवीच होती.

आताच्या माउसखाली एक बारीक दिवा असतो आणि त्याच्याजवळ कॅमेऱ्यासारखा एक छोटा भाग असतो. तो खालच्या पृष्ठभागाची चित्रे सतत टिपतो आणि माउस किती, कुठे सरकला हे ठरवतो. त्यामुळे काचेवर किंवा फार गुळगुळीत, चकचकीत टेबलावर माउस नीट चालत नाही. अशा वेळी खाली वहीचा पुठ्ठा ठेवावा. "माउस बिघडलाय" अशा निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

माउस धरताना तळहात त्यावर सैल ठेवायचा. तर्जनी डाव्या बटणावर, मधले बोट उजव्या बटणावर, अंगठा बाजूला. मनगट टेबलावर टेकलेले असावे. मुठीत आवळून धरला की क्लिक करताना माउस हलतो आणि बाण घसरतो. माउस टेबलाच्या कडेला पोहोचला तर घाबरायचे नाही. तो उचलायचा, मध्यभागी ठेवायचा आणि पुन्हा सरकवायचा. उचललेला असताना बाण जागचा हलत नाही. ही साधी गोष्ट कोणी सांगत नाही आणि नवीन माणूस टेबलाच्या कडेला अडकून बसतो.

मग पुढची पाच कामे एकेक करून शिकायची.

पहिले, एक क्लिक. डावे बटण एकदा दाबून सोडायचे. याने वस्तू निवडली जाते. इंटरनेटवरची सगळी बटणे आणि दुवे एका क्लिकने उघडतात.

दुसरे, डबल क्लिक. डावे बटण पटकन दोनदा. डेस्कटॉपवरचे फोल्डर किंवा फाइल उघडायला हे लागते. इंटरनेटवर अर्ज भरताना मात्र डबल क्लिकची सवय टाळा, कारण "सबमिट" दोनदा दाबले गेले तर काही ठिकाणी अर्ज दोनदा जाऊ शकतो.

तिसरे, उजवे क्लिक. उजवे बटण दाबले की त्या वस्तूबरोबर काय काय करता येते, त्याची यादी उघडते.

चौथे, ओढणे. डावे बटण दाबून धरायचे, माउस सरकवायचा आणि योग्य जागी सोडायचे.

पाचवे, मधले चाक फिरवणे. याने पान वर-खाली सरकते. स्क्रीनवर दोन चौकटी असतील तर बाण ज्या चौकटीवर आहे तीच सरकते, हे लक्षात ठेवा.

बाणाचा आकार बदलतो, तोही वाचायला शिका. बाणाचा हात झाला की तिथे क्लिक करता येते. उभी रेघ दिसली की तिथे लिहिता येते. फिरणारे वर्तुळ दिसले की संगणक कामात आहे, तोवर थांबायचे. अशा वेळी पुन्हा पुन्हा क्लिक केल्याने काम लवकर होत नाही, उलट अडकते.

सरावासाठी पत्त्यांचा सॉलिटेअर हा खेळ उत्तम. तो १९९० पासून विंडोजसोबत आला आणि त्यातून ओढून ठेवण्याची सवय आपोआप लागते. दुसरा सराव पेंटमध्ये. माउसने आपले नाव लिहा, होडी काढा, किल्ल्याचा बुरूज काढा. पहिल्या दिवशी रेघा वेड्यावाकड्या येतील. चौथ्या-पाचव्या दिवशी बुरूज बुरुजासारखा दिसू लागतो.

बाण फार पळत असेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन त्याचा वेग कमी करता येतो. डबल क्लिक जमत नसेल तर त्याचा वेगही कमी करता येतो. डावखुऱ्यांसाठी बटणांची अदलाबदलही होते. वयस्क माणसांना शिकवताना हे तीन बदल आधी करून द्यावेत.

कीबोर्ड : दुसरा आठवडा

कीबोर्डवरची इंग्रजी अक्षरे क्रमाने का नाहीत, हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो. ही मांडणी जुन्या टाइपरायटरची आहे. अमेरिकेतील क्रिस्टोफर शोल्स यांनी ती बेतली आणि १८७४ मध्ये रेमिंग्टन कंपनीचा टाइपरायटर बाजारात आला तेव्हापासून ती रुजत गेली. जगाला तिची सवय झाली आणि संगणकानेही तीच उचलली. त्यामुळे अक्षरे सापडत नाहीत म्हणून कोणी स्वतःला मठ्ठ समजू नये. ती पाठ करायची नसतात, बोटांना लावायची असतात.

सुरुवातीला अक्षरांपेक्षा कामाची बटणे ओळखा. स्पेसने मोकळी जागा पडते. एंटरने पुढच्या ओळीत जाता येते. बॅकस्पेसने डावीकडचे अक्षर पुसले जाते, डिलीटने उजवीकडचे. शिफ्ट दाबून ठेवून अक्षर दाबले की मोठे अक्षर येते. टॅब दाबले की अर्जातल्या पुढच्या रकान्यात जाता येते. आणि कॅप्स लॉककडे खास लक्ष द्या. ते चुकून चालू राहिले की पासवर्ड बरोबर असूनही स्वीकारला जात नाही. तीन-चार वेळा तसे झाले की काही ठिकाणी खातेच काही काळ बंद होते.

आता बोटे ठेवूया. कीबोर्डवर 'एफ' आणि 'जे' या दोन अक्षरांवर बारीक उंचवटा असतो. न बघता हात जागेवर यावा म्हणून तो दिलेला आहे. डाव्या हाताची तर्जनी 'एफ'वर, उजव्या हाताची 'जे'वर. बाकीची बोटे शेजारच्या बटणांवर ओळीने, दोन्ही अंगठे स्पेसवर. बोट वरच्या किंवा खालच्या ओळीत गेले की काम करून पुन्हा इथेच परत यायचे. पहिले चार दिवस फक्त ही मधली ओळ. वेगाच्या मागे लागू नका. हळू, पण न बघता, हेच खरे.

चार जोड्या पाठ कराव्यात. कंट्रोल दाबून ठेवून 'सी' म्हणजे नक्कल, 'व्ही' म्हणजे ती नक्कल चिकटवणे, 'एस' म्हणजे जतन करणे आणि 'झेड' म्हणजे नुकतेच केलेले मागे घेणे. वर्गात ही शेवटची जोडी आम्ही सगळ्यांत आधी सांगतो. चुकले तर मागे घेता येते हे कळले की मशीनची भीती निम्मी होते.

मराठी टायपिंग : तिसरा आठवडा

लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट असा वेग मागितला जातो. मराठीत याचा अर्थ दर दोन सेकंदांना एक शब्द. एका बोटाने शोधत बसून हा वेग येत नाही. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद संगणक टंकलेखनाची प्रमाणपत्र परीक्षा घेते, तिचीही तयारी इथूनच सुरू होते.

मराठीसाठी एकाहून अधिक मांडण्या वापरात आहेत. जुन्या टाइपरायटरवरून आलेली रेमिंग्टन मांडणी आहे, तशीच इन्स्क्रिप्ट आहे. आपल्या परीक्षेला किंवा कोर्सला कोणती लागते, हे जाहिरातीत वाचूनच सरावाला लागा. एक मांडणी बोटात बसली की दुसरीकडे वळणे त्रासाचे होते. मोबाइलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवण्याची सवय निरोपापुरती ठीक आहे, तिच्यावर परीक्षेचा भरवसा ठेवू नये.

इन्स्क्रिप्ट ही भारतीय भाषांसाठी ठरवलेली मांडणी. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने तिला मानक म्हणून स्वीकारले. तिची रचना समजायला सोपी आहे. स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. 'के'च्या बटणावर क आहे, तेच शिफ्टसोबत दाबले की ख. 'एल'वर त, शिफ्टसोबत थ. 'ओ'वर द, शिफ्टसोबत ध. 'डी'च्या बटणावर पाय मोडण्याचे चिन्ह आहे, त्याने जोडाक्षर होते.

आमच्या वर्गातले पहिले दोन शब्द ठरलेले आहेत : 'जय भीम'. 'पी'ने ज, स्लॅशच्या बटणाने य, मग स्पेस. पुढे शिफ्टसोबत 'वाय'ने भ, 'आर'ने दीर्घ वेलांटी, 'सी'ने म. त्यानंतर 'बुद्ध'. 'वाय'ने ब, 'जी'ने ऱ्हस्व उकार, 'ओ'ने द, 'डी'ने पाय मोडला, शिफ्टसोबत 'ओ'ने ध. एवढ्या एका शब्दात उकारही आला आणि जोडाक्षरही आले. विंडोजमध्ये मराठी भाषा एकदा जोडून घेतली की विंडोजचे बटण आणि स्पेस एकत्र दाबून इंग्रजी-मराठी अदलाबदल करता येते.

पुढे सरावाचा मजकूर आपल्या गावाचाच घ्या. विजयदुर्ग १६५३ मध्ये शिवाजी महाराजांनी घेतला, पुढे इथे आंग्र्यांचे आरमार होते, १७५६ मध्ये इंग्रजांनी किल्ला जिंकला. एवढे टाइप करा. मग किल्ल्यावरच्या 'साहेबाच्या ओट्यां'ची माहिती इंटरनेटवर शोधा. हेलियमचा शोध १८६८ मध्ये इथूनच लागला असे अनेक ठिकाणी लिहिलेले सापडेल. पण शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या सूर्यग्रहणासाठी. १८६८ चे त्यांचे निरीक्षण इंग्लंडमधले होते. दोन पाने शेजारी उघडून तारखा पडताळल्या की टायपिंगचा सराव होतो आणि लिहिलेले सगळे खरे मानायचे नसते हेही कळते.

परीक्षेच्या स्क्रीनची तयारी

संगणकावरील बहुपर्यायी परीक्षेत मुख्य काम माउसचे असते. काही परीक्षांमध्ये कीबोर्डला हात लावू नका अशी स्पष्ट सूचना असते, ती पाळा. पर्यायासमोरच्या गोलावर क्लिक केले की तो निवडला जातो. पण "सेव्ह अँड नेक्स्ट" दाबेपर्यंत उत्तर जतन झाले असे समजू नका. बाजूला प्रश्नांच्या आकड्यांची चौकट असते आणि तिचे रंग उत्तर दिले, दिले नाही, नंतर पाहायचे ठेवले असे सांगतात. कोणत्या रंगाचा काय अर्थ, हे सुरुवातीच्या सूचनांमध्ये असते. ते पान वाचायला दोन मिनिटे द्या.

अनेक परीक्षांसाठी आयोजक संस्था नमुना चाचणीचा दुवा देतात. तो मोबाइलवर उघडून उपयोग नाही. परीक्षेआधी निदान पाच वेळा तो संगणकावर, माउसने, घड्याळ लावून सोडवा.

घरी संगणक नसेल तर?

ही खरी अडचण आहे. पण तिच्यावर एक स्वस्त उपाय आहे. बहुतेक अँड्रॉइड मोबाइलला ओटीजी नावाचा छोटा जोड लावून वायरचा माउस किंवा कीबोर्ड जोडता येतो. माउस जोडला की मोबाइलच्या स्क्रीनवर बाण दिसतो. स्क्रीन लहान आहे, तरी हात आणि डोळ्यांची जोडी जुळायला एवढे पुरते.

वाडीसाठी एकत्र काही करायचे असेल तर समाजमंदिरात किंवा विहारात एक जुना, चालू स्थितीतला लॅपटॉप पुरे. मुंबईत नोकरी करणारे आपले चाकरमानी गावी येतात, त्यांच्याकडे वापरात नसलेले लॅपटॉप असतात. त्यांना नुसती देणगी मागण्याऐवजी हे मागा. लॅपटॉपला बाहेरून माउस जोडा, कारण परीक्षेत माउसच मिळणार. आपल्याकडे पावसात वीज जाते, म्हणून बॅटरी चालणारा लॅपटॉप डेस्कटॉपपेक्षा बरा. खाऱ्या, दमट हवेने जोडण्या गंजतात. काम झाले की कोरड्या कपड्याने पुसून, पिशवीत बंद करून ठेवा. चहा आणि पाणी टेबलापासून लांब ठेवा.

केंद्र सरकारने २०१७ मध्ये ग्रामीण डिजिटल साक्षरतेसाठी पीएमजीदिशा ही मोहीम सुरू केली होती. तिचा अभ्यासक्रम २० तासांचा होता. ती मार्च २०२४ अखेर संपली. पण २० तास ही कल्पना आपण उचलू शकतो. रोज एक तास, २० दिवस. तीन-तीन जणांचा गट, प्रत्येकाला २० मिनिटे हात आणि ४० मिनिटे शेजाऱ्याचे बघणे. बघतानाही माणूस शिकतो.

शिकवणाऱ्यांसाठी चार गोष्टी

शिकणाऱ्याच्या हातातला माउस हिसकावून "हे बघ, असं" करू नका. शिकवताना आपले हात पाठीमागे ठेवा आणि तोंडाने सांगा. दोन मिनिटांचे काम दहा मिनिटे चालेल, चालू द्या.

स्त्रियांना वेगळी वेळ द्या. एकत्र वर्गात माउस बहुतेक वेळा मुलांच्याच हातात राहतो आणि मुली मागे उभ्या राहून बघतात. वयाने मोठ्या मावशी-काकी "माका जमाचा नाय" म्हणून सुरुवात करतात. त्यांना नातवाला निरोप लिहायला लावा किंवा बचत गटाचा हिशेब मांडायला लावा. काम स्वतःचे असले की हात लवकर चालतो.

शब्द साधे वापरा. "कर्सर ड्रॅग करा"पेक्षा "बटण दाबून धरा आणि ओढा" हे सर्वांना कळते.

आणि जो शिकला त्याने पुढच्या दोघांना शिकवायचे, ही अट पहिल्याच दिवशी सांगा.

हे सगळे कशासाठी?

नोकरीची परीक्षा हे एक कारण झाले. दुसरे रोजचे आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा असतो, जातवैधतेचा अर्ज ऑनलाइन असतो, दाखल्यांसाठी 'आपले सरकार' आहे. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने ठरावीक मुदतीत अधिसूचित सेवा मिळणे हा आपला हक्क झाला. पण अर्ज दुसऱ्याच्या हाताने भरला जातो तेव्हा आपला पासवर्ड दुसऱ्याच्या वहीत जातो, ओटीपी आपण फोनवर वाचून दाखवतो आणि नावाचे स्पेलिंग टाइप करणारा ठरवतो. गुणपत्रिकेवर एक स्पेलिंग, अर्जावर दुसरे, एवढ्यावरून अर्ज त्रुटीत निघू शकतो. मग हेलपाटे विद्यार्थ्याला, तेही तालुक्याला देवगडपर्यंत किंवा जिल्ह्याला ओरोसपर्यंत.

सेतू केंद्रात किंवा ई-सेवा केंद्रात जाऊ नका असे आमचे म्हणणे नाही. जा, पण शेजारी बसून स्क्रीन वाचा, सबमिट करण्याआधी प्रत्येक रकाना तपासा, पासवर्ड स्वतः टाका. ज्याचा हात माउसवर आणि कीबोर्डवर बसला आहे, त्यालाच हे धीराने करता येते.

तेव्हा कार्यकर्त्यांनी येत्या रविवारी आपल्या वाडीत तीन गोष्टी कराव्यात. चालू स्थितीतला एक संगणक कोणाकडे आहे ते शोधा. या वर्षी परीक्षा देणाऱ्या मुला-मुलींची यादी करा. आणि त्यांतल्या पहिल्या तिघांची वेळ ठरवून टाका. २० दिवसांनी तेच तिघे पुढच्या सहा जणांना शिकवायला बसतील.